‘नॉट वॉन्टेड’ ते ‘द बिगॅमिस्ट’: आयडा ल्युपिनोच्या दिग्दर्शनाचा एक प्रकरण अभ्यास

१९४९ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘नॉट वॉन्टेड’ नावाच्या एका लहान चित्रपटाचे चित्रीकरण सुरू होऊन जेमतेम काही दिवस झाले असताना दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन याला हृदयविकाराचा झटका आला. क्लिफ्टन हा मूकपटांच्या काळापासून या व्यवसायात वावरलेला अनुभवी माणूस होता. चित्रपट काढणाऱ्या नव्या कंपनीजवळ दुसरा दिग्दर्शक नेमण्याइतके पैसे नव्हते आणि काम थांबवणे त्याहून महाग पडणार होते. तेव्हा या चित्रपटाची सहलेखिका आणि सहनिर्माती असलेली एकतीस वर्षांची अभिनेत्री आयडा ल्युपिनो हिने सेटची सूत्रे हाती घेतली आणि चित्रपट पुरा केला. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव मात्र क्लिफ्टनचेच राहिले. तिने ते बदलून घेतले नाही.

त्यानंतरच्या चार वर्षांत तिने स्वतःच्या नावाने आणखी पाच चित्रपट दिग्दर्शित केले. डोरोथी आर्झनर हिने १९४३ साली आपला शेवटचा चित्रपट करून निवृत्ती घेतल्यानंतर हॉलिवूडच्या मुख्य प्रवाहात दिग्दर्शकाच्या खुर्चीवर स्त्री दिसत नव्हती, आणि दिग्दर्शकांच्या संघटनेत आर्झनरनंतर सभासदत्व मिळालेली दुसरी स्त्री ल्युपिनोच होती. १९५३ नंतर हा ओघ एकाएकी आटला. पुढच्या पंचवीस वर्षांत तिने फक्त एक चित्रपट दिग्दर्शित केला, आणि तोही दुसऱ्यांच्या कंपनीसाठी. अभिनेत्री म्हणून ती नावाजलेली होती, दिग्दर्शिका म्हणून तिने खर्चाची मर्यादा पाळली होती, समीक्षकांनी तिची दखल घेतली होती, आणि तरीही हे घडले. या प्रकरणाचा विचार करताना तिच्या धाडसावर बोलून थांबण्याचा मोह होतो. धाडस होतेच, परंतु तिच्या हाती विषय निवडण्याचे स्वातंत्र्य का आले आणि का गेले याचे उत्तर माझ्या मते कंपनीच्या मालकीत आणि चित्रपटगृहापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत शोधले पाहिजे.

अभिनेत्री असतानाचे शिक्षण

आयडा ल्युपिनोचा जन्म ४ फेब्रुवारी १९१८ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या रंगभूमीवर वावरलेले. वडील स्टॅन्ली ल्युपिनो म्युझिक हॉलमधले लोकप्रिय विनोदी नट आणि आई कॉनी एमराल्ड हीही नटी. १९३२ साली ॲलन ड्वानच्या ‘हर फर्स्ट अफेअर’ या चित्रपटासाठी आई चाचणी द्यायला गेली आणि भूमिका मुलीला मिळाली. पुढच्याच वर्षी पॅरामाउंट स्टुडिओने तिला अमेरिकेत नेले, केसांना सोनेरी रंग चढवला, भुवया कोरल्या आणि त्या काळची सोनेरी केसांची तारका जीन हार्लो हिच्या नावावरून इंग्लंडची जीन हार्लो म्हणून तिची जाहिरात केली. १९३४ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा तिलाही त्याची बाधा झाली. ती बरी झाली. पण आपले शरीर निकामी झाले तरी डोके काम करू शकेल, तेव्हा आपला भरवसा चेहऱ्यावर ठेवण्यात अर्थ नाही, हा विचार त्या आजारपणाने मनात रुजवला असे तिने पुढे मुलाखतीत सांगितले. सोळा वर्षांच्या, केवळ रूपावर विकल्या जाणाऱ्या मुलीला हे उमगावे ही गोष्ट तिच्या सगळ्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चांगल्या भूमिका मात्र तिला भांडूनच मिळाल्या. ‘द लाइट दॅट फेल्ड’ (१९३९) मधली रस्त्यावरच्या मुलीची भूमिका तिने दिग्दर्शक विल्यम वेलमनकडे स्वतः जाऊन, आग्रह धरून मिळवली. त्यानंतर वॉर्नर ब्रदर्सशी करार झाला. राऊल वॉल्शच्या ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ (१९४०) मध्ये न्यायालयातल्या प्रसंगात तिचे भान सुटत जाते तो अभिनय प्रेक्षकांनी उचलून धरला आणि ‘हाय सिएरा’ (१९४१) मध्ये तिचे नाव हंफ्री बोगार्टच्याही आधी छापले गेले. ‘द हार्ड वे’साठी तिला न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. याच स्टुडिओत बेटी डेव्हिस ही आघाडीची अभिनेत्री होती आणि तिने नाकारलेल्या भूमिका ल्युपिनोच्या वाट्याला येत, म्हणून ल्युपिनो स्वतःला गरिबांची बेटी डेव्हिस म्हणवत असे.

त्या काळचा स्टुडिओशी होणारा करार म्हणजे एक प्रकारची वेठच होती. कलावंताने एखादी भूमिका नाकारली की त्याला बिनपगारी निलंबित करण्यात येई आणि निलंबनाचे दिवस कराराच्या मुदतीत वाढवले जात. मुदत वाढवण्याची ही पद्धत अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलँड हिने न्यायालयात जाऊन मोडून काढली. ल्युपिनोने अनेक भूमिका नाकारल्या आणि अनेकदा निलंबन भोगले. त्या रिकाम्या दिवसांत ती सेटवर जाऊन बसे, कॅमेरा कुठे ठेवतात, प्रकाश कसा योजतात, संकलनाच्या खोलीत दोन चित्रे कशी जोडतात हे पाही. नटाला तासन्‌तास वाट पाहावी लागते आणि खरे रंजक काम दुसरीच माणसे करत असतात, ही तिची तक्रार होती. वॉल्शसारख्या माणसाजवळ, जो साधनांची उधळपट्टी न करता वेगाने चित्रीकरण करत असे, तिने उमेदवारी केली असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. चित्रपट शिकवणाऱ्या संस्था आजच्यासारख्या नव्हत्या, आणि सहायक दिग्दर्शकाची पायरी स्त्रीसाठी जवळपास बंद होती. त्यामुळे निलंबनाची शिक्षा हेच तिचे विद्यालय ठरले.

स्वतःची कंपनी

१९४७ साली ती वॉर्नरमधून बाहेर पडली. १९४८ मध्ये तीन गोष्टी घडल्या. ती अमेरिकेची नागरिक झाली. कोलंबिया स्टुडिओत अधिकारी असलेल्या कॉलियर यंग याच्याशी तिचे लग्न झाले. आणि मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल देऊन, चित्रपट बनवणाऱ्या बड्या स्टुडिओंनी चित्रपटगृहांच्या साखळ्याही आपल्याच मालकीच्या ठेवाव्यात या पद्धतीवर घाव घातला. या तिसऱ्या घटनेचा तिच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. तोवर स्वतंत्र निर्मात्याने चित्रपट काढला तरी तो लावायचा कुठे, हा प्रश्न असे, कारण मोक्याची चित्रपटगृहे प्रतिस्पर्ध्यांच्याच ताब्यात होती. आता थोडी फट निर्माण झाली, आणि त्या फटीतून अनेक लहान कंपन्या आत शिरल्या. ल्युपिनो आणि यंग यांनी निर्माता ॲन्सन बाँड याच्यासह काढलेली एमराल्ड प्रॉडक्शन्स ही त्यांपैकी एक. एमराल्ड हे आईच्या रंगभूमीवरच्या नावातून घेतले होते. लवकरच बाँड वेगळा झाला आणि यंग, ल्युपिनो व लेखक माल्विन वाल्ड यांनी ‘द फिल्ममेकर्स’ या नावाने नवी संस्था उभी केली.

या संस्थेची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण तिच्या चित्रपटांचे रूप त्या पद्धतीतून घडले आहे. एका चित्रपटाचा खर्च साधारणपणे दोन लाख डॉलरच्या आत ठेवायचा. नामवंत तारकांऐवजी नवे चेहरे घ्यायचे. स्टुडिओत देखावे उभारण्याऐवजी रस्ते, वखारी, बसस्थानके, रुग्णालये जशी असतील तशी वापरायची. आणि चित्रीकरणाआधी प्रत्येक प्रसंगाचे कॅमेऱ्याचे कोन कागदावर ठरवून मगच सेटवर पाऊल टाकायचे. आणखी एक उपाय त्यांनी त्या मानाने फार लवकर अवलंबला. व्यापारी कंपन्यांची उत्पादने पडद्यावर दाखवून त्या बदल्यात खर्चाला हातभार मिळवायचा. ‘द बिगॅमिस्ट’मध्ये विमान कंपनीचे नाव आणि शीतपेयाची जाहिरात ठळकपणे दिसते ती यामुळे. आज ही पद्धत सर्रास चालते; त्या वेळी मात्र भांडवल नसलेल्या संस्थेने शोधलेली ती एक पळवाट होती.

विषयांची निवड हा या संस्थेचा खरा विशेष. अविवाहित माता, पोलिओने अधू झालेली नर्तकी, बलात्कार झालेली तरुणी, मुलीच्या यशावर स्वतःची महत्त्वाकांक्षा पोसणारी आई, दोन घरे करून बसलेला पुरुष. बड्या स्टुडिओंना हे विषय नको होते. लहान संस्थेला मोठ्या नटांशिवाय प्रेक्षक खेचायचा असेल तर इतरांनी न शिवलेला विषय हेच तिचे भांडवल असते, हा हिशेब त्यामागे होता; पण केवळ हिशेब असता तर हे चित्रपट सवंग झाले असते. ते तसे झाले नाहीत.

विषय आणि संहिता

अमेरिकेत १९३४ पासून जोसेफ ब्रीनच्या कचेरीमार्फत चित्रपटांची आचारसंहिता काटेकोरपणे राबवली जात होती. कचेरीच्या मंजुरीची मोहोर नसेल तर मोठी चित्रपटगृहे तो चित्रपट घेत नसत. ‘नॉट वॉन्टेड’ची मूळ कथा लग्नाशिवाय आई होणाऱ्या मुलीची, म्हणजे संहितेच्या दृष्टीने तर सुरुंगच. ल्युपिनो स्वतः वाटाघाटींना बसली, पटकथेत फेरफार झाले आणि मोहोर मिळाली. चित्रपटाचा शेवट पाहिला म्हणजे दिग्दर्शिका म्हणून तिची नजर कुठे होती ते कळते. नायिका सॅली (भूमिका सॅली फॉरेस्ट) स्वतःला संपवण्याच्या इराद्याने रस्त्यांवरून, पुलांवरून पळत सुटते आणि कृत्रिम पायाचा तरुण तिच्या मागे धावतो. संवाद जवळपास नाहीत. तो धावत राहतो, अडखळतो, अखेरीस कोसळतो. आणि तो कोसळलेला पाहून ती माघारी फिरते. वाचवायला आलेल्याला वाचवण्यासाठी तिला थांबावे लागते. एखाद्या भाषणातून जे सांगता आले नसते ते इथे दोन थकलेल्या शरीरांनी सांगितले आहे.

‘नेव्हर फिअर’ हा तिच्या नावाने झळकलेला पहिला चित्रपट. पोलिओ झालेल्या नर्तकीची ही गोष्ट सांता मोनिकातल्या कॅबट-कायझर या पुनर्वसन संस्थेत, तिथल्या खऱ्या रुग्णांना सोबत घेऊन चित्रित झाली. चाकांच्या खुर्च्यांवर बसलेल्या रुग्णांचा समूहनृत्याचा प्रसंग त्यात आहे, आणि तो करुणा मागत नाही हे महत्त्वाचे. दिग्दर्शिकेने स्वतः तो आजार भोगलेला होता. चित्रपटाला प्रेक्षक मात्र लाभले नाहीत. पोलिओच्या भीतीखाली जगणाऱ्या लोकांना पडद्यावरही पोलिओच पाहायचा नव्हता, हे समजण्यासारखे आहे.

पैशाची अडचण उभी राहिली आणि तेव्हा धनाढ्य उद्योगपती हॉवर्ड ह्यूज पुढे आला. त्याने १९४८ मध्ये आरकेओ स्टुडिओवर ताबा मिळवला होता आणि त्याला कमी खर्चात तयार होणारे चित्रपट हवेच होते. आरकेओ पैसा पुरवणार, वितरण करणार आणि नफा निम्मा-निम्मा, असा तीन चित्रपटांचा करार झाला. लहान संस्थेला देशभरची चित्रपटगृहे खुली झाली. उलट शीर्षक आणि जाहिरात यांवर ह्यूजची पकड बसली आणि हिशेबाच्या वह्या वितरकाकडे राहिल्या. चित्रपट चालला तरी निर्मात्याच्या हाती उरत होते ते थोडेच.

या करारातला पहिला चित्रपट ‘आउटरेज’ (१९५०) हा तिच्या कामातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा चित्रपट वाटतो. ‘बलात्कार’ या अर्थाचा शब्द उच्चारायला संहितेची परवानगी नव्हती. पात्रे त्याला हल्ला म्हणतात. ही बंदी तिने जशी वापरली ती नीट पाहण्यासारखी आहे. कचेरीतून रात्री उशिरा परतणारी ॲन (माला पॉवर्स) निर्जन रस्त्यांतून, वखारींच्या आवारातून, उभ्या मालमोटारींमधून पळत असते. पाठलाग करणारा माणूस कोणी अनोळखी राक्षस नव्हे, तर रोज जिच्यावरून ती जाते त्या खाद्यपदार्थांच्या टपरीवरचा विक्रेता आहे. ती मालमोटारीचा भोंगा दाबते आणि तो अडकून वाजतच राहतो. वरच्या मजल्यावर एक माणूस खिडकी उघडतो, बाहेर पाहतो आणि खिडकी बंद करून घेतो. हल्ला आपल्याला दिसत नाही. आपण पाहतो ती मिटलेली खिडकी. संहितेने जे दाखवायला मनाई केली होती ते न दाखवता तिने शेजाऱ्याची उदासीनता दाखवली, जिच्यावर कोणत्याही संहितेने बंदी घातलेली नव्हती.

पुढचे प्रसंगही तितकेच अचूक आहेत. ॲन पुन्हा कामावर जाते तेव्हा कोणी काही बोलत नाही, फक्त नजरा फिरतात, आणि शेजारच्या मेजावर कागदांवर शिक्का मारण्याचा ठोका तिला सहन होईनासा होतो. जवळ घेऊ पाहणाऱ्या वाग्दत्त वराचा स्पर्शही तिला नकोसा वाटतो. उत्तरार्धात ती शहर सोडून संत्र्यांच्या बागांच्या प्रदेशात पोहोचते आणि एक सहृदय धर्मोपदेशक तिला आधार देतो. इथे चित्रपटाची पकड सैल होते आणि बोधाचा सूर चढतो, हे मान्य करावे लागेल. तरीही या उत्तरार्धातच एक प्रसंग असा आहे की एका उत्सवात कोणी पुरुष सलगीने चुंबन मागतो आणि तिला त्याच्या जागी हल्लेखोर दिसू लागतो. हाताला लागलेल्या पान्याने ती त्याच्या डोक्यावर वार करते. झालेला आघात स्मृतीत कसा घर करून राहतो याचे असे चित्रण १९५० सालच्या अमेरिकन पडद्यावर अपवादात्मकच होते.

१९५१ च्या ‘हार्ड, फास्ट अँड ब्यूटिफुल’ या टेनिसपटूच्या कथेत क्लेअर ट्रेव्हरने रंगवलेली आई लक्षात राहते, चित्रपट तितकासा राहत नाही.

‘द हिच-हायकर’ (१९५३) हा तिचा सर्वांत प्रसिद्ध चित्रपट. त्याचा आधार खरा होता. बिली कुक नावाच्या तरुणाने १९५० च्या अखेरीस आणि १९५१ च्या आरंभी सहा जणांचे खून केले आणि डिसेंबर १९५२ मध्ये सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात त्याला देहदंड झाला. ल्युपिनोने तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली आणि कथा वापरण्याची संमती मिळवली. कुप्रसिद्ध गुन्हेगाराचे जीवन पडद्यावर आणू नये असा दंडक असल्यामुळे नावे आणि तपशील बदलावे लागले. पटकथेच्या उभारणीत डॅनियल मेनवेअरिंग या लेखकाचाही हात होता. परंतु डाव्या विचारांच्या संशयाचा तो काळ होता आणि ह्यूजने त्याचे नाव श्रेयनामावलीत येऊ दिले नाही. मासेमारीला निघालेले दोन मित्र वाटेत एकाला गाडीत घेतात आणि तो पिस्तुलाच्या धाकाने त्यांना मेक्सिकोतून दक्षिणेकडे गाडी हाकायला लावतो, एवढेच कथानक. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळच्या अलाबामा टेकड्यांमध्ये बाह्यचित्रण झाले. छायालेखक निकोलस मुसुराका याने उघड्या वाळवंटालाही कोंडीचे रूप दिले. क्षितिजापर्यंत जागाच जागा, आणि दोघे मात्र मोटारीच्या पत्र्याच्या डब्यात कोंडलेले. विल्यम टॅलमनने रंगवलेल्या खुन्याचा एक डोळा झोपेतही मिटत नाही, त्यामुळे तो झोपला आहे की जागा हे ओलिसांना कळू शकत नाही. मेक्सिकन पात्रे स्पॅनिशमध्ये बोलतात आणि त्याखाली भाषांतराच्या ओळी येत नाहीत.

या चित्रपटात स्त्रीपात्र जवळपास नाही. म्हणून काही जण त्याला तिच्या इतर चित्रपटांपासून वेगळा काढतात. मला हे पटत नाही. ‘आउटरेज’मधली ॲन आणि इथले दोन पुरुष यांच्यावर एकच संकट कोसळते. आपण सुरक्षित आहोत ही त्यांची समजूत एका रात्रीत मोडते, आणि शरीराने धडधाकट असूनही त्यांना काही करता येत नाही. पुरुषांचे भय इतक्या उघडपणे, त्यांना लाजवण्याचा हेतू न ठेवता दाखवणे हे त्या काळच्या गुन्हेपटांत क्वचितच घडत असे.

‘द बिगॅमिस्ट’ (१९५३) मध्ये तिने स्वतःलाच दिग्दर्शित केले. शीतकपाटे विकणारा हॅरी (एडमंड ओब्रायन) याची सॅन फ्रान्सिस्कोत एक पत्नी आहे, लॉस एंजेलिसमध्ये दुसरी. आणि त्याला मूल दत्तक द्यावे की नाही याची चौकशी करायला आलेला अधिकारी हळूहळू सत्यापर्यंत पोहोचतो. पहिली पत्नी जोन फाँटेन, दुसरी खुद्द ल्युपिनो. यात सामील असलेल्यांच्या खासगी आयुष्याचा एक विलक्षण योग होता. ल्युपिनो आणि यंग यांचा घटस्फोट १९५१ मध्येच झाला होता, तिने नट हॉवर्ड डफशी लग्न केले होते आणि यंगने जोन फाँटेनशी. तरीही यंग निर्माता व लेखक म्हणून, आणि त्याची पूर्वीची व आताची पत्नी पडद्यावर, असे तिघे एकाच चित्रपटात काम करत होते. या योगायोगाची चर्चा पुष्कळ झाली, पण चित्रपटाचा खरा गुण वेगळाच आहे. दोन घरे करणारा हा माणूस इथे खलनायक नाही, आणि दोघींपैकी कोणालाही दुसरीची वैरीण केलेले नाही. अखेरच्या न्यायालयातल्या प्रसंगात तिघे एकमेकांकडे पाहतात आणि पुढे काय होणार हे प्रेक्षकाला सांगितले जात नाही. चौकशी करणारा अधिकारी सारे ऐकून घेतल्यावर त्याचा निरोप घेतो तेव्हा त्याला हॅरीचा तिटकाराही येतो आणि दयाही. इतकी समंजस संदिग्धता अमेरिकेतल्या त्या दशकाच्या कौटुंबिक चित्रपटांत मला क्वचितच आढळली.

वितरणाचा निर्णय

हाच चित्रपट संस्थेच्या मुळावर आला, आणि त्याचे कारण पडद्यावर नव्हते. आरकेओच्या वाटणीला कंटाळून भागीदारांनी ठरवले की यापुढे वितरणही आपणच करायचे. विचार वरवर पाहता तर्काला धरून होता. निम्मा नफा दुसऱ्याला का द्यावा? ल्युपिनोचा याला विरोध होता. आपण चित्रपट करणारी माणसे आहोत, वितरणातले आपल्याला काही कळत नाही, असे तिचे म्हणणे होते, असे तिने नंतर सांगितले. पण निर्णय दुसऱ्या बाजूने झाला.

तिचे म्हणणे का बरोबर होते हे त्या व्यवसायाच्या रचनेवरून उलगडते. मोठ्या वितरकाची कचेरी शहरोशहरी असते. त्याच्याकडे वर्षाला डझनावारी चित्रपट असतात, त्यामुळे थिएटरमालकाने एका चित्रपटाचे पैसे थकवले तर पुढचा चित्रपट अडवून ते वसूल करता येतात. वर्षाला एक-दोन चित्रपट काढणाऱ्या संस्थेकडे हा दट्ट्या नसतो. प्रती छापणे, जाहिरात आणि प्रवास हा खर्च आधी करावा लागतो आणि वसुली महिनोन्‌महिने होत नाही. त्यातच दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचल्यामुळे चित्रपटगृहांतली गर्दी वर्षागणिक घटत होती, आणि न्यायालयाच्या निकालाने मिळालेल्या संधीचा लाभ घ्यायला आलेल्या लहान कंपन्यांत स्पर्धा होती. अशा वेळी अनुभव नसताना संस्थेने तो भार अंगावर घेतला. १९५४ मध्ये डॉन सीगल दिग्दर्शित ‘प्रायव्हेट हेल ३६’ आला, ज्यात ल्युपिनो सहलेखिका आणि अभिनेत्री होती. १९५५ मध्ये ‘द फिल्ममेकर्स’चा कारभार आटोपला.

संस्था गेली त्याबरोबर विषय ठरवण्याचा अधिकारही गेला. दिग्दर्शनाचे कसब गेले नाही, कीर्ती गेली नाही. पण ‘आउटरेज’सारखा चित्रपट करू या असे म्हणून स्वतः पैसे उभे करण्याची जी जागा होती ती उरली नाही, आणि कोणत्याही बड्या स्टुडिओने ती जागा तिला देऊ केली नाही.

दुसऱ्यांच्या कथा

यानंतरचा काळ दूरचित्रवाणीचा. ‘फोर स्टार प्लेहाउस’ या मालिकेत डिक पॉवेल, डेव्हिड निव्हन आणि शार्ल बोये यांच्यासोबत ती चौथी तारका होती. फरक इतकाच की ते तिघे कंपनीचे भागीदार होते आणि ती नव्हती. हा तपशील मला फार बोलका वाटतो. पुढे नवरा हॉवर्ड डफसोबतची ‘मिस्टर ॲडम्स अँड ईव्ह’ ही मालिका आली आणि दिग्दर्शिका म्हणून ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’, ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’, ‘थ्रिलर’, ‘द अनटचेबल्स’, ‘द फ्युजिटिव्ह’ अशा मालिकांचे भाग तिच्याकडे येऊ लागले. ‘द हिच-हायकर’मुळे तिच्या नावावर थरार आणि बंदुका यांचा शिक्का बसला होता. ‘द ट्वायलाइट झोन’च्या मूळ मालिकेतला ‘द मास्क्स’ (१९६४) हा भाग तिने दिग्दर्शित केला; त्या मालिकेचा भाग दिग्दर्शित करणारी ती एकमेव स्त्री, आणि आधी त्याच मालिकेच्या एका भागात मुख्य भूमिकाही तिने केलेली होती.

पुरुष तंत्रज्ञांनी भरलेल्या सेटवर ती कशी वागे याचा उल्लेख इथे केला पाहिजे. तिच्या खुर्चीच्या पाठीवर ‘आम्हा सर्वांची आई’ या अर्थाचे शब्द लिहिलेले असत, आणि ती हुकूम सोडण्याऐवजी लाडीगोडीने, आईला एक अडचण आली आहे, एवढे कराल का, अशा सुरात काम करवून घेई. आजच्या अनेक वाचकांना हे खटकते. दिग्दर्शकाने विनवणी का करावी, असा प्रश्न रास्त आहे. पण ज्या व्यवसायात दिग्दर्शकांच्या संघटनेच्या सभेत पुरुषांना अनेकवचनी आणि तिला एकटीला नावाने संबोधावे लागे तिथे काम वेळेत पुरे करून घेण्याचा तो तिने शोधलेला मार्ग होता. आधीच कागदावर आखलेला कोन ती बदलत नसे. बदले तो सांगण्याचा सूर. स्वतःला ती स्त्रीवादी म्हणवून घेत नसे, आणि आपण दिग्दर्शिका व्हायचे ठरवले नव्हते असेच सांगत आली. तिच्या तोंडी नसलेली भूमिका तिच्यावर लादण्याचे कारण नाही. चित्रपट समोर आहेत.

१९६६ साली कोलंबियाने तिला ‘द ट्रबल विथ एंजल्स’ दिला. ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेतल्या दोन खोडकर मुलींची ही गोष्ट, रोझलिंड रसेल आणि हेली मिल्स यांच्यासह, चांगली चालली. इतकी की दोन वर्षांनी तिचा पुढचा भाग निघाला. तो दिग्दर्शित करण्याचे काम जेम्स नीलसनकडे गेले. ल्युपिनोला त्यानंतर चित्रपट मिळाला नाही. अभिनय ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत करत राहिली. सॅम पेकिन्पाच्या ‘ज्युनिअर बॉनर’ (१९७२) मधली तिची आईची भूमिका त्या उतारवयातल्या कामांत सर्वांत चांगली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तिचे निधन झाले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९९८ मध्ये ‘द हिच-हायकर’ आणि २०२० मध्ये ‘आउटरेज’ दाखल झाले. दोन्ही स्वतःच्या संस्थेच्या त्या मोजक्या वर्षांतले. ‘द हिच-हायकर’ आणि ‘द बिगॅमिस्ट’ यांच्या हक्कांचे मुदतीत नूतनीकरण झाले नाही आणि ते सार्वजनिक मालकीत गेले. त्यामुळे अनेक वर्षे त्यांच्या झिजलेल्या, काळवंडलेल्या प्रती कोणीही छापून विकत होते. प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याच्या ज्या वाटेवर संस्था अडखळली ती वाट नंतर अशी, कोणाच्याच मालकीची न राहून, खुली झाली, आणि आज ते जगात कुठेही बसून पाहता येतात.